एका फेऱ्याची धाव

शर्यत संपून तासही झाला नव्हता. शाळेच्या मैदानावर केळी आणि चहा वाटणं चालू होतं. तेवढ्यात जळगावहून आलेले दोघे धावपटू मनगटावरची घड्याळं दाखवत माझ्याकडे आले. "सर, अंतर कमी भरतंय," त्यांतला मोठा म्हणाला. त्याच्या घड्याळात ९.७ किलोमीटर दिसत होतं, दुसऱ्याच्या घड्याळात ९.६८. आम्ही बॅनरवर मोठ्या अक्षरांत '१० किलोमीटर' लिहिलं होतं.

मी चाळीसगाव तालुक्यातल्या एका शाळेत गणित शिकवतो. गावातल्या काही जणांनी मिळून जानेवारीत शर्यत घ्यायचं ठरवलं, तेव्हा मार्ग मोजायचं काम साहजिकच माझ्याकडे आलं. मी मोटारसायकल काढली, मीटरवरचा आकडा लिहून घेतला, शाळेपासून पाटाच्या रस्त्याने फिरून परत आलो आणि मीटर दहा किलोमीटर पुढे गेलं तिथे चुन्याची रेघ मारली. काम अर्ध्या तासात झालं.

त्या दोघांची घड्याळं उपग्रहावरून अंतर घेणारी होती. झाडांखाली, वळणांवर तीही थोडी चुकतात. पण दोघांचा कल एकाच बाजूला होता, आणि मनातून मला कळलं होतं की चूक माझी आहे.

खरा चटका नंतर लागला. आमच्या शाळेतल्या दहावीच्या एका मुलीने ४४ मिनिटं ३० सेकंदांत शर्यत पूर्ण केली होती. तिचे वडील बाजार समितीत हमाली करतात. पहाटे ती एकटी पाटाच्या कडेने पळते. दहा किलोमीटर ४५ मिनिटांच्या आत पळायचं हे तिने वर्षभर मनाशी धरलं होतं, आणि त्या दिवशी ते झालं म्हणून ती हरखून गेली होती. सोमवारी मधल्या सुट्टीत ती माझ्यासमोर उभी राहिली. "सर, मग माझा वेळ खरा नव्हता?"

तिला तिथल्या तिथे उत्तर देणं मला जमलं नाही. "आधी नीट मोजू, मग सांगतो," एवढंच म्हणालो. त्या संध्याकाळी घरी आल्यावर वडिलांची जुनी सायकल ओसरीवरून खाली काढली.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. बसस्टँडजवळ त्यांचं सायकलचं दुकान होतं. पंक्चर, ओव्हरहॉलिंग, चाकाचा आउट काढणं आणि तासावर भाड्याने सायकल देणं अशी कामं चालायची. मी सातवीत असताना वर्तुळाचा परीघ शिकलो आणि घरी येऊन ऐटीत त्यांना सूत्र सांगितलं. दादांचं शिक्षण चौथीपर्यंत झालेलं. त्यांनी ऐकून घेतलं, खडू उचलला, टायरवर वॉल्व्हच्या समोर एक रेघ ओढली आणि तिच्याच खाली फरशीवर दुसरी. मग सायकल सरळ ढकलत नेली. टायरवरची रेघ वर गेली, फिरून खाली आली आणि फरशीला टेकली, तिथे त्यांनी तिसरी रेघ मारली. "हे बघ, चाक एका फेऱ्यात इथून इथवर आलं. आता तुझं सूत्र काय म्हणतं ते काढ."

मी टेप धरला. सूत्राचं उत्तर आणि फरशीवरचं अंतर जवळपास सारखं निघालं, पण अगदी सारखं नाही. मी म्हणालो, "फरशीवरचं मोजणं चुकलं असेल." दादा म्हणाले, "चाक चुकत नाही. ते जेवढं चाललं तेवढंच चाललं."

त्यांचा स्वतःचा एक ठोकताळाही होता. चाकाच्या उंचीएवढी काठी घ्यायची. तीन काठ्या आणि वर अर्धी वीत, एवढं मोठ्या सायकलचं चाक एका फेऱ्यात जातं. लहान सायकलला ती वरची अर्धी वीतही त्याच मानाने कमी होते, हे ते आवर्जून सांगत. सूत्रातल्या पायचं (π) नाव त्यांनी कधी घेतलं नाही, पण तीनच्या वर जे थोडंसं उरतं ते सोडून चालत नाही, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

दुकानाला लागूनच लोहाराची भट्टी होती. कापसाच्या हंगामाआधी बैलगाड्यांची चाकं तिथे दुरुस्तीला येत. लाकडी चाकावर जी लोखंडी पट्टी चढवतात तिला धाव म्हणतात. लोहार चाकाभोवती सुतळी गुंडाळायचा, ती जमिनीवर सरळ करायचा आणि पट्टी त्याहून बोट-दीड बोट कमी कापायचा. लहानपणी मला वाटायचं की हा चुकतोय. मग तो पट्टी वाकवून तिचं कडं जोडायचा आणि गोवऱ्या रचून त्यांच्या जाळात ते लालबुंद करायचा. चार माणसं सांडशांनी ते उचलून चाकावर ठेवायची. लाकडातून धूर निघायचा, घणाचे घाव पडायचे, आणि लगेच वरून पाणी. चर्र आवाज होऊन कडं आकसायचं आणि आरे, तुंबा, सगळं लाकूड करकरत एकमेकांत घट्ट बसायचं.

पुढे हिशेब करून पाहिला तेव्हा त्या बोट-दीड बोटाचं मर्म समजलं. साडेचार फुटी चाकाचा घेर सव्वाचार मीटरच्या आसपास असतो. लोखंड दर अंशाला आपल्या लांबीच्या दहा लाखांत बारा भागांनी वाढतं. पाचशे अंशांनी तापलं की तेवढी पट्टी अडीच सेंटिमीटरने लांबते. लोहाराने मुद्दाम कमी ठेवलेलं अंतर ते हेच. मोजलेला घेर आणि कामाला येणारा घेर यांत फरक असतो, हे त्याच्या हातांना माहीत होतं. आपल्या भाषेत चाकाच्या त्या कड्याला आणि पळण्याला एकच शब्द आहे, याचं मला तेव्हापासून अप्रूप वाटत आलं आहे.

तर दादांची ती सायकल मी दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात नेली. मुलांना म्हटलं, हे चाक एका फेऱ्यात किती जातं ते मिलिमीटरपर्यंत सांगा.

मुलांनी व्यास मोजायला घेतला. मध्ये तुंबा आणि आस येत असल्याने टेप सरळ बसेना. शेवटी चाक भिंतीला टेकवून, वर गुण्या धरून त्यांनी ७१ सेंटिमीटर हा आकडा काढला. मग भांडण लागलं ते पायवरून. बावीस सप्तमांश घ्यायचं की मोबाइलमध्ये दिसतात तेवढे सगळे अंक? मी म्हटलं, दोन्हींनी करून बघा. २२/७ घेतल्यावर घेर २२३.१४ सेंटिमीटर आला, ३.१४१६ घेतल्यावर २२३.०५. फरक एक मिलिमीटरहूनही कमी. दहा किलोमीटरला साधारण साडेचार हजार फेरे होतात. तेवढ्या सगळ्या फेऱ्यांचा मिळून फरक चार मीटर.

आमच्या भागात हा विषय निघाला की भास्कराचार्यांचं नाव येतंच. आमच्या तालुक्यातल्या पाटण इथे १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे. ११५० मधल्या लीलावतीत भास्कराचार्यांनी परिघासाठी दोन गुणोत्तरं दिली आहेत. ३९२७/१२५० हे सूक्ष्म, आणि २२/७ हे स्थूल, म्हणजे व्यवहाराला पुरेल असं. त्यांच्याही आधी, ४९९ च्या सुमारास, आर्यभटाने २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ६२,८३२ सांगितला आणि त्याला 'आसन्न' म्हटलं, म्हणजे खऱ्याच्या अगदी जवळचा. दोघांची सूक्ष्म किंमत ३.१४१६ हीच येते. मला या दोघांबद्दल आदर वाटतो तो अंकांच्या अचूकपणाइतकाच या शब्दांसाठी. उत्तर किती खरं आहे तेही त्यांनी उत्तरासोबतच सांगून ठेवलं आहे.

पायचा वाद मिटला. मग मी मुलांना व्हरांड्यात नेलं आणि दादांसारखी खडूची रेघ मारली. एक फेरा मोजला तर खडूच्या रेघेची जाडी आडवी येते, म्हणून दहा फेरे मोजले आणि दहाने भागलं. सायकल हाताने ढकलली तेव्हा एका फेऱ्याला २२२.९ सेंटिमीटर आले. मुलं खूश झाली, सूत्र बरोबर निघालं. मग त्या धावणाऱ्या मुलीला दहावीच्या वर्गातून बोलावलं आणि सायकलवर बसवून सावकाश चालवायला सांगितलं. पुन्हा दहा फेरे. आता एका फेऱ्याला २२१.४ आले.

वर्ग गप्प झाला. एक मुलगा म्हणाला, "सर, माणूस बसल्यावर टायर दबतो ना." अगदी तेच. हवेचं चाक जमिनीला टेकतं तिथे चपटं होतं, आस जमिनीच्या थोडी जवळ येते आणि एका फेऱ्याची चाल कमी होते. माझं वजन त्या मुलीहून बरंच जास्त. मी बसलो तर चाल आणखी पाच मिलिमीटरने कमी झाली. हवा थोडी सोडली तर आणखी कमी.

फळ्यावर हिशेब मांडला. सूत्राचा २२३ सेंटिमीटर हा घेर धरून आपण दहा किलोमीटरचे फेरे मोजले, तर ते ४४८४ भरतील. पण चाक प्रत्येक फेऱ्यात खरं तर २२१.४ सेंटिमीटरच चाललं. म्हणजे रस्ता ९९२८ मीटरचा झाला. ७२ मीटर गायब. पायच्या किमतीवरून आम्ही जो वाद घातला त्यात चार मीटरचा प्रश्न होता. टायरमधल्या हवेने आणि बसणाऱ्याच्या वजनाने बहात्तर मीटर खाल्ले. चूक पायमध्ये नव्हतीच. चाक पोकळीत फिरतंय असं समजून आम्ही त्याचा व्यास मोजत होतो, आणि ते तर माणसाला घेऊन रस्त्यावर चालत होतं.

मोटारसायकलचं काय झालं तेही आता मुलांनीच सांगितलं. तिचं मीटर पुढच्या चाकाच्या फेऱ्यांवर चालतं, आणि एका फेऱ्याचं अंतर त्यात कायमचं ठरवून दिलेलं असतं. माझा पुढचा टायर गुळगुळीत झाला होता. झिजलेलं चाक लहान होतं, तेवढ्याच रस्त्याला जास्त फेरे घेतं, आणि मीटर ते मोठ्या चाकाचे समजून अंतर वाढवून दाखवतं. शिवाय खड्डे आणि हातगाड्या चुकवत मी जो नागमोडी गेलो, त्याहून जवळच्या रेषेत धावणारे पळाले. दोन्ही चुका एकाच बाजूला पडल्या.

मग शर्यतींचे मार्ग मोजण्याची जगभरची रीत वाचून काढली. तिथेही सायकलच वापरतात, हे वाचून मला दादांची आठवण आली. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या जॉन ज्युएल यांनी या रीतीची नीट मांडणी केली. पुढे अमेरिकेतल्या ॲलन जोन्स यांनी पुढच्या चाकाला लावायचा एक मोजक तयार केला, आजही तो जोन्स काउंटर म्हणूनच ओळखला जातो. या रीतीत चाकाचा व्यास कोणी विचारत नाही. पोलादी टेपने मोजलेल्या सरळ रस्त्यावर चाकाला आधी चालवायचं, तेवढ्या अंतराला किती फेरे लागतात ते पाहायचं, आणि मग त्याच चाकाने, त्याच माणसाने, त्याच दिवशी शर्यतीचा मार्ग मोजायचा. शेवटी हजारात एक मीटर मुद्दाम जास्त धरायचं, म्हणजे मार्ग कमी भरण्याची भीती राहत नाही. मॅरेथॉनच्या ४२ किलोमीटर १९५ मीटरना असे ४२ मीटर जादा धरले जातात.

तो मोजक मागवणं आम्हाला परवडणारं नव्हतं. आमच्या प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांनी एक साधा कॅल्क्युलेटर उघडला आणि त्याच्या 'बरोबर'च्या बटणाला दोन तारा जोडून त्या सायकलच्या चिमट्यावर बसवलेल्या रीड स्विचला नेल्या. समोरच्या आऱ्याला लहान चुंबक बांधलं. एक अधिक एक करून ठेवलं की चुंबक स्विचसमोरून जाईल तसा आकडा एकाने वाढतो. फेऱ्याचा अपूर्णांक मोजायला आरे होतेच. आपल्याकडच्या जुन्या सायकलला पुढे ३२ आणि मागे ४० आरे असतात. पुढच्या चाकाचे ३२ आरे, म्हणजे एका आऱ्याला जेमतेम सात सेंटिमीटर.

डिसेंबरातल्या एका रविवारी पहाटे आम्ही पाटाच्या रस्त्यावर जमलो. ३० मीटरचा पोलादी टेप दहा वेळा ताणून ३०० मीटर मोजले आणि दोन्ही टोकांना डांबरात खिळे ठोकले. दोन जोड्यांनी वेगवेगळं मोजलं, चार सेंटिमीटरचा फरक आला, म्हणून तिसऱ्यांदा मोजलं. टेपलाही थंडी बाधते. तो २० अंशांना बरोबर असतो आणि त्या पहाटे १२ अंश होते. तेवढ्याने ३०० मीटरला जवळपास तीन सेंटिमीटरचा फरक पडतो, तोही धरला.

सायकल त्या मुलीनेच चालवली. तसं ती स्वतःच म्हणाली. चार वेळा ये-जा केली. सरासरी ३०० मीटरला १३५ फेरे आणि १६ आरे. मग शर्यतीचा पूर्ण मार्ग. वळणांवर कडेपासून हातभराहून कमी अंतर ठेवून, दोन वळणांच्या मधे सरळ तिरकी रेघ धरून, धावणारा जिथून जवळात जवळचं पळेल तिथूनच ती गेली. दोन मुलं पुढे-मागे मोटारसायकलवर लाल फडकं घेऊन होती. परत आलो तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. पुन्हा ३०० मीटरच्या चार फेऱ्या केल्या. आता १३५ फेरे आणि ११ आरेच लागले. उन्हाने टायरमधली हवा फुगली, चाक किंचित मोठं झालं आणि एका फेऱ्यात अडीच मिलिमीटर जास्त चालू लागलं. दहा किलोमीटरला हाच फरक साडेअकरा मीटरचा होतो. सकाळ-दुपारची सरासरी घेण्याचा नियम का आहे, ते पुस्तकात वाचून पटलं नव्हतं एवढं तिथे पटलं.

हिशेब पाटाच्या कठड्यावर बसूनच केला. दहा किलोमीटर आणि वरचे दहा मीटर मिळून ४५१८ फेरे आणि १८ आरे हवे होते. मागच्या शर्यतीच्या मार्गाला ४३८३ फेरेच लागले होते. म्हणजे तो मार्ग ९७१० मीटरचा होता. २९० मीटर कमी.

तिने माझ्या हातातून वही घेतली आणि आपला वेळ त्या अंतराला लावला. त्याच वेगाने पूर्ण दहा किलोमीटर पळायला तिला ४५ मिनिटं ५० सेकंद लागले असते. ती बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत होती. मी म्हणालो, "बाळा, यात तुझी काही चूक नाही. तू पळालीस ते खरंच होतं, मोजणं माझं कच्चं होतं." हे तिला मी जानेवारीतच सांगायला हवं होतं.

त्याच आठवड्यात आम्ही मागच्या शर्यतीतल्या सगळ्या धावपटूंना पत्र पाठवलं, मार्ग ९७१० मीटरचा होता असं कळवलं आणि क्षमा मागितली. एकानेही आम्हाला वाईट शब्द लिहिला नाही. उलट तिघांनी आपापल्या गावचा मार्ग कसा मोजायचा ते विचारलं.

जानेवारीत नव्या मार्गावर शर्यत झाली. सुरुवातीची रेघ जिनिंगच्या फाटकापर्यंत मागे सरकली होती. ती मुलगी आता अकरावीत. तिने ४५ मिनिटं २६ सेकंदांत शर्यत पूर्ण केली. वर्षभरात चोवीस सेकंदांची खरी सुधारणा. बाहेरच्या कोणाला ती घसरण वाटली असती.

दुसऱ्या दिवशी तिने मला आपली सरावाची वही दाखवायला आणली. नवा वेळ लिहिला होता, त्यापुढे '१०,००० मीटर, मोजलेलं.' मी मागचं पान उलटलं. ४४.३० ही जुनी नोंद तिने खोडली नव्हती. तिच्या शेजारी, वेगळ्या शाईने, '९७१० मीटर' एवढंच लिहून ठेवलं होतं.